बुटकी गाडी, काळी माती आणि जॅक

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. पुण्याहून सेकंडहँड ऑडी टीटी घेतली, दुसऱ्या पिढीतली, आणि समृद्धीवरून घरी आणली. गाव यवतमाळ जिल्ह्यात, डांबरी रस्ता सोडून आत. इंजिन ऑइल आणि पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचे आहेत, कारण तेवढ्यासाठी दर वेळी नागपूर गाठणं जमत नाही. ट्रॅक्टरचा बाटली जॅक गाडीखाली शिरतच नाही. मोठे भाऊ म्हणतात, वावराच्या कडेला चर खोदू आणि गाडी त्यावर घेऊ. शेजारी म्हणतात, जेसीबीच्या बकेटनं तोंड उचलू, पाच मिनिटांचं काम.

ही दोन्ही कामं करू नका. मोठ्या भावांनाही हे वाचून दाखवा.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पाणी लागलं की फुगते. अशा मातीतला चर कोरडा असेपर्यंत भिंतीसारखा उभा दिसतो, आणि ढासळताना आधी काही सांगत नाही. त्याच्या दोन्ही काठांवर मिळून तेरा-चौदाशे किलोची गाडी आणि आत माणूस, हा विचारच सोडून द्या. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती अशा खड्ड्यात साचून राहते. जेसीबीचं म्हणाल तर उचललेली बकेट म्हणजे आधार नव्हे. ती तेलाच्या दाबावर लटकलेली असते, आणि लिव्हरवर दुसऱ्याच माणसाचा हात असतो. तुमच्या गाडीचा सांगाडा पुढच्या भागात बहुतेक ॲल्युमिनियमचा आहे, मागं पोलाद आहे. बकेटच्या दातांनी पुढं एकदा काही दबलं तर गावातला कोणी वेल्डर ते सरळ करू शकणार नाही.

मी २७ वर्षं गॅरेजमध्ये काढली, आधी नागपुरात आणि आता वर्धा जिल्ह्यात. बुटक्या गाडीचा प्रश्न आला की सगळे एकच विचारतात, जॅक खाली घालायचा कसा? तो प्रश्न तासाभरात सुटतो, पुढं सांगतो. त्याच्या आधीचे दोन प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. जॅक कशावर उभा आहे? आणि मला गाडीखाली अंग घालायची खरंच गरज आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यानं तुमचं अर्धं काम हलकं होईल. ऑइल बदलताना गाडीखाली जावं लागतं, पण चाकं काढावी लागत नाहीत. मग गाडी जॅकवर घ्यायचीच नाही, तिच्याच चाकांवर लाकडी चढावर उभी करायची. ब्रेक पॅड बदलताना चाक काढावं लागतं, पण गाडीखाली जावं लागत नाही. सगळं काम चाकाच्या कमानीत हात घालून होतं. म्हणजे तुमच्या दोन्ही कामांत जॅकनं उचललेल्या गाडीखाली छाती-डोकं जाण्याची वेळच येत नाही. ही शिस्त पाळा. जॅक आणि घोडी दोन्ही असली तरी पाळा.

आता जमीन. घोडी म्हणजे ज्याला दुकानात जॅक स्टँड म्हणतात तीच. तुमच्या गाडीचं पुढचं एकेक चाक साधारण ४०० किलो वजन पेलतं. टायरमध्ये हवा असते सव्वादोन ते अडीच किलो, म्हणजे टायर जमिनीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण तेवढ्याच दाबानं दाबतो. आता तेच ४०० किलो घोडीवर द्या. साध्या घोडीचे चार पाय म्हणजे अँगलच्या चार कडा, जमिनीला टेकणारी जागा सगळी मिळून २० चौरस सेंटिमीटर धरा. दाब झाला २० किलो, टायरच्या आठपट. ‘इथे गाडी रोज उभी असते, जमीन पक्की आहे’ हे म्हणणं म्हणूनच फसवं आहे. चाक जिथे आरामात उभं राहतं तिथे घोडीचा पाय सुरीसारखा घुसतो. सारवलेल्या अंगणात घुसतो, मुरमावर घुसतो, मे महिन्यात दुपारी डांबरावरही घुसतो.

शहाबादी फरशीबद्दल वेगळं सांगतो, कारण तिनं मला फसवलं आहे. बारा-तेरा वर्षं झाली. एका गिऱ्हाइकाच्या घरी, जुन्या वाड्याच्या फरसबंद अंगणात, आम्ही साध्या सेडानचं मागचं चाक काढलं होतं. घोडी लावली, जॅक काढून दुसरीकडे नेला. टाकीचं पाणी वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात सांडून फरशीखालची रेती वाहून गेली होती. वरून फरशी सरळ, खाली पोकळ. घोडीचा एक पाय फरशी फोडून आत गेला, घोडी कलंडली आणि गाडी खाली आली. ती काढलेल्या चाकावर थांबली, कारण काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवायची माझ्या उस्तादांनी लावलेली सवय होती. माझ्या हाताखालचा मुलगा पाना घ्यायला नुकताच बाहेर आला होता. तो आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून मी फरशी हातोडीनं ठोकून, आवाज ऐकून मगच घोडी ठेवतो. भरीव जमीन ‘टण’ बोलते, पोकळ जमीन ‘भद’ बोलते. पाच मिनिटं लागतात.

तुमच्याकडे सोयाबीन-तूर वाळवायला सिमेंटचं खळं असेल तर तीच जागा घ्या. त्याला पाणी निघायला उतार दिलेला असतो, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी धरून गाडीच्या लांबीत किती फरक येतो ते बघा. सगळ्यात सपाट भाग निवडा, भेगांच्या आणि कडेच्या जवळ जाऊ नका. खळं नसेल आणि ही गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, तर एकदाच १० फूट बाय १८ फूट जागा बांधून घ्या. काळी माती दीड-दोन फूट काढून टाका, मुरूम थराथरानं भरा, पाणी मारून धुमसानं ठोका, वर सळईची जाळी घालून पाच इंच काँक्रीट. काळ्या मातीवर थेट टाकलेलं काँक्रीट दोन पावसाळ्यांत तडकतं, हे तुम्ही घराच्या ओट्यांवर पाहिलंच असेल. काँक्रीटला चांगलं पाणी मारा आणि महिनाभर त्यावर घोडी ठेवू नका.

तोवर काम अडलं असेल तर घोडीखाली लाद्या घाला. फूटभर लांब-रुंद, १२ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट, किंवा १९ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांवर स्क्रूनं घट्ट करून. मघाचे ४०० किलो आता ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतात, दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. पातळ पत्रा चालत नाही, तो पायाखाली वाकतो आणि वजन पसरतच नाही. आणि हे सगळं कोरड्या, ठोकलेल्या जमिनीसाठी. मृग लागल्यानंतर उघड्या मातीवर मी कुठलीच गाडी उचलत नाही, लाद्या असल्या तरी नाही. ब्रेक पॅड आठ दिवस थांबू शकत नसतील तर गाडीच थांबवा.

जमिनीची दुसरी बाजू म्हणजे जॅकची चाकं, आणि अनुभवी लोकही इथे चुकतात. ट्रॉली जॅकचा हात एका टोकाला बिजागरीवर फिरतो, म्हणून त्याचं डोकं सरळ वर जात नाही, कमानीत जातं. वर जाताना ते आधी थोडं पुढं आणि नंतर मागं सरकतं. गाडी उटी, म्हणजे चाकाला लावायचा ठोकळा, लावून जागेवर धरलेली असते, म्हणजे सरकायचं जॅकनं. म्हणूनच त्याला चाकं दिलेली असतात, फक्त ओढत न्यायला नाही. गुळगुळीत काँक्रीटवर तो आपोआप दोन-चार इंच सरकतो, तुमच्या लक्षातही येत नाही. मातीवर किंवा मुरमावर त्याची छोटी लोखंडी चाकं रुततात. मग डोकं गाडीच्या पट्टीवरून घसरू लागतं, किंवा जॅक आडवा होऊ लागतो. बघणाऱ्याला वाटतं जॅक खराब आहे. जॅक चांगला असतो, त्याला सरकायला वाट नसते. खळ्याला सांधे किंवा खड्डे असतील तर जॅकखालीही दोन-तीन फूट लांब जाड प्लेट टाका, म्हणजे त्याला धावपट्टी मिळेल. दर पाच-सहा दांड्यांनंतर थांबून डोकं जागेवर आहे का ते वाकून बघा.

जॅक कुठला? ट्रॅक्टरचा बाटली जॅक बंद असतानाच सात-आठ इंच उंच असतो. तुमच्या गाडीच्या पट्टीखाली त्याला जागाच नाही. आणि खड्डा करून बसवला तरी त्याचा तळ तळहाताएवढा, आणि तो सरकत नाही. ट्रॅक्टरचा जाड ॲक्सल सरळ वर घ्यायला तो ठीक आहे. साध्या ट्रॉली जॅकची सगळ्यात खालची उंची १३० ते १४० मिलिमीटर असते, तोही अडकतो. लो-प्रोफाइल नावानं मिळणारे ७५ ते ८५ मिलिमीटरवर बसतात. दोन-अडीच टनाचा तसा जॅक घ्या, लांब हाताचा घ्या, म्हणजे दांडा मारताना बंपरला लागत नाही. गाडीसोबत येणारा कात्री जॅक रस्त्यावर चाक बदलण्यापुरता आहे, घरच्या कामाला नको.

साधा ट्रॉली जॅकच हाताशी असेल तर एक उपाय आहे: पुढच्या दोन्ही चाकांखाली दोन इंच जाडीची फळी ठेवा आणि गाडी तिच्यावर चढवा. जॅकला हवी ती जागा मिळते. ‘जॅक शिरत नाही’ या मोठ्या प्रश्नाचं उत्तर दोन फळ्या एवढंच आहे.

नवा जॅक आणला की आधी झडप उघडी ठेवून दहा-पंधरा वेळा दांडा मारा, आत अडकलेली हवा निघते. मग तो गाडीखाली न घालता पूर्ण वर घ्या, खाली घ्या. तेल कमी वाटलं तर जॅकचंच तेल घाला. ब्रेक ऑइल घालणारे लोक मी पाहिले आहेत, त्यानं आतली सीलं फुगतात आणि मग जॅक वजन धरत नाही. उन्हाचाही परिणाम आहे. चंद्रपूर-नागपूरकडे ४५ अंशांच्या दिवशी उन्हात ठेवलेल्या जॅकमधलं तेल पातळ होतं, आणि जुन्या सीलमधून तो नकळत खाली बसत जातो. मे महिन्यात हे काम सकाळी सहा ते नऊ, सावलीत. लोखंडी प्लेटला दहानंतर हात लावता येत नाही, आणि भाजलेल्या हातानं माणूस घाई करतो.

घोड्या मात्र विकतच्या घ्या, नीट कंपनीच्या, क्षमता कोरलेल्या, दाते असूनही आडवी पिन टाकता येणाऱ्या. चौकातल्या वेल्डिंगच्या दुकानात पाइपात पाइप घालून आणि बोल्ट अडकवून घोडी करून मिळते, दिसायला दणकट असते. पण सगळा भार त्या एका बोल्टवर आणि वेल्डिंगच्या एका रेघेवर असतो, आणि तो बोल्ट कशाचा आहे हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड यांचं नावही काढू नका. वीट दाबाखाली हळूहळू चेपत नाही, एका क्षणात फुटते. लाकूड फुटण्याआधी करकरतं, चेपतं, इशारा देतं. बंडीचं चाक काढताना आपले आजोबा लाकडाचा टेकू लावायचे, विटेचा नाही.

लाकडाचा विषय निघालाच आहे, तर ऑइलसाठीचा चढ कसा करायचा ते सांगतो. हे काम तुमच्या गावातला सुतार शहरातल्या कोणाहीपेक्षा चांगलं करेल. बाजारातले लोखंडी तयार रॅम्प उभे असतात, टीटीचा पुढचा ओठ, म्हणजे बंपरची खालची कड, त्यावर चाक चढायच्या आधीच घासतो. म्हणून चढ पायऱ्यांचा करायचा. आरा मशीनवरून सागवानाच्या किंवा पूर्ण वाळलेल्या बाभळीच्या दोन इंच जाड, फूटभर रुंद फळ्या आणा. ओली बाभूळ वाकते आणि चिरते, घेऊ नका. तुमचा टायर २४५ मिलिमीटर रुंद आहे, म्हणून फूटभर रुंदी हवीच.

पायरी किती लांब ठेवायची याचा नियम सोपा आहे: गाडीचा ओठ पुढच्या पायरीवर पोचायच्या आधी चाक एक पायरी वर चढलेलं असलं पाहिजे. टायर जमिनीला टेकतो तिथपासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. समजा ३० इंच आलं, तर प्रत्येक पायरी ३० इंच लांब. वरची फळी चाक आरामात उभं राहील अशी २० इंच, तिच्याखालची ५०, सगळ्यात खालची ८०. तीन थर, सहा इंच उंची. प्रत्येक फळीची चढायची कड उतरती तासून घ्या. वरच्या फळीच्या टोकाला तीन इंचांचा अडसर ठोका, म्हणजे चाक पुढं जाणार नाही. थर लांब स्क्रूनं जोडा. खिळे नकोत, ते दरवेळी थोडे थोडे ढिले होतात. तळाला जुन्या ट्यूबचं रबर लावा, नाहीतर गुळगुळीत काँक्रीटवर चढच मागं सरकतो.

गाडी चढवताना घरातल्या कोणाला बाजूला उभं करा. समोर कोणी नको. एकेक पायरी सावकाश घ्या. वर गेल्यावर गिअर पी-वर (पार्क), हँडब्रेक पूर्ण ओढलेला, आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी. उटी म्हणजे उतरत्या कडेचा लाकडी ठोकळा. वावरातला गोल धोंडा नको, तो चाकाबरोबर गडगडतो. मग बोनेटवर जोर देऊन गाडी हलवून बघा. आता ती तिच्या चार टायरांवर उभी आहे आणि पडायला कुठे जागा नाही. खाली सरकून प्लास्टिकचं आवरण काढा, बोल्ट सोडा, तेल काढा. सहा इंचांत जागा तंग वाटेल, पण हात पुरतात. तुमच्या इंजिनचा फिल्टर वरून निघत असेल तर डिपस्टिकच्या नळीतून तेल ओढणारा हातपंप घ्या, मग खाली जायचंही काम उरत नाही. तेलाची पातळी मात्र गाडी सपाट आणल्यावरच बघा. काढलेलं तेल नालीत किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

आता ब्रेक पॅड, म्हणजे खरं जॅकचं काम.

आधी हँडब्रेक आणि गिअर यांचा खेळ समजून घ्या. तुमच्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. पुढची बाजू उचलताना मागची चाकं जमिनीवर आहेत, म्हणून हँडब्रेक कामाचा आहे. उद्या मागचे पॅड बदलताना मागचं चाक हवेत जाईल, आणि त्या चाकावरचा हँडब्रेक हवेतच धरून राहील. पी-चा भरवसाही अर्धा आहे. पी गिअरबॉक्सला अडवतो, चाकाला नाही. पुढचं एक चाक उचललं की डिफरन्शिअलमधून, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमधून, ते उलटं फिरू शकतं, आणि जमिनीवरचं दुसरं चाक गडगडायला मोकळं होतं. म्हणून उटी हीच खरी. पुढचं डावं चाक उचलायचं असेल तर मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा आणि पुढच्या उजव्याला सुद्धा.

चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. हवेतल्या गाडीवर लांब पान्यानं जोर काढणं म्हणजे गाडी जॅकवरून स्वतः ढकलणं.

जॅक लावायची जागा: दाराखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या थोडं मागं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढं, कंपनीनं ठरवलेल्या जागा आहेत. त्या मालकाच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेल्या असतात. पुस्तिका गाडीसोबत मिळाली नसेल तर ती आधी मिळवा, अंदाजानं जागा ठरवू नका. तिथला पत्रा आतून मजबूत केलेला असतो, चार इंच इकडे-तिकडे झालं की तोच पत्रा कागदासारखा मुडपतो. जॅकच्या लोखंडी डोक्यावर मध्ये खाच असलेली जाड रबरी चकती ठेवा, म्हणजे पट्टीचा उभा कंगोरा खाचेत बसतो आणि वजन त्याच्या दोन्ही बाजूंनी जातं. चकती विकत मिळते, जुन्या ट्रकच्या टायरच्या जाड रबरातूनही कापून होते. ऑइलचं चेंबर, गिअरबॉक्स, प्लास्टिकचं आवरण, ॲल्युमिनियमचे सस्पेन्शनचे हात, यांतल्या कशालाही जॅक लागता कामा नये. चेंबर फुटलं तर गाडी तिथूनच ट्रकवर जाईल.

इथे प्रत्येकाला एक अडचण येते. जॅकही त्याच जागी, घोडीही त्याच जागी, मग घोडी लावायची कुठे? महागातल्या काही घोड्या जॅकच्या डोक्याभोवतीच बसतात, मिळाल्या तर उत्तम. नाहीतर मी असं करतो. पट्टीच्या पुढच्या जागेवर जॅकनं उचलतो, चाक जमिनीपासून दोन इंच सुटेल इतकंच, जास्त नाही. मग सस्पेन्शनचा खालचा हात जिथे सब-फ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या जाड चौकटीला, मागच्या जाड बोल्टनं जोडलेला असतो, त्या सब-फ्रेमच्या भरीव भागाखाली, मध्ये लाकडाचा तुकडा देऊन, घोडी आणतो. घोडी लावताना फक्त हात आत जातो, डोकं बाहेर. पिन टाकतो, हातोडीनं टिचकी मारून दाता बसल्याचं बघतो. जॅकची झडप पाव फेरा, अगदी हळू उघडून वजन घोडीवर देतो. मग जॅक पुन्हा पट्टीला नुसता टेकेल इतका वर आणून तिथेच सोडतो. बोल्ट काढून चाक उतरवलं की ते पट्टीखाली आडवं सरकवतो. घोडी, जॅक, चाक असे तीन आधार झाले. तिघांपैकी एक गेला तरी गाडी दोघांवर राहते.

शेवटचा बोल्ट काढताना एका हातानं चाक दाबून धरा. या गाड्यांत नट नसतात, बोल्ट असतात. बोल्ट निघाला की चाक हबवरून सुटून पायावर येतं.

चाक काढल्यावर गाडीच्या चिखलपट्टीला बाजूनं चांगला धक्का द्या. काही हललं, करकरलं, तर चाक परत लावा, गाडी खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. हा धक्का देताना मनात ‘पडली तर?’ असं आलं तर ते मनाचं ऐका. धक्का देऊन गाडी पडायची असेल तर ती आत्ताच पडू दे, कोणी खाली नसताना.

कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, सोडल्यावर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका, स्प्रिंगला तारेनं बांधा. पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेकचा पाय दाबत राहा, पेडल घट्ट होईपर्यंत. नवे पॅड टाकले आणि पेडल न मारता गाडी चालू केली, तर पहिला ब्रेक थेट जमिनीपर्यंत जातो. समोर गोठ्याची भिंत असेल तर ती तिथेच कळते.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या शहरातल्या लोकांना सांगाव्या लागत नाहीत. गाडी पंधरा दिवस कव्हर घालून उभी असेल तर खाली हात घालायच्या आधी टॉर्च मारून बघा. पावसाळ्याच्या तोंडाशी चाकाच्या कमानीत विंचू मी स्वतः पाहिला आहे, आणि साप कोरडी जागा शोधतोच. काम सुरू केल्यावर लहान पोरं, बकऱ्या, कोंबड्या यांना त्या बाजूला येऊ देऊ नका. बकरी लाकडी चढावर चढायला बघतेच. एकट्यानं करू नका. जवळ मोठं माणूस हवं, कोणी अडकलं तर काय करायचं ते आधीच बोललेलं असावं, आणि १०८ लावायला फोन हाताशी. तुमच्या गावात रेंज कुठे येते हे तुम्हालाच माहीत आहे. काम त्या जागेपासून लांब करू नका.

गाडी खाली घ्यायची घाई सगळ्यांना होते, हात धुवायला निघालेले असतात. हत्यारं मोजून पेटीत टाका. चाक लावून बोल्ट हातानं आत घ्या, मग पान्यानं समोरासमोरचे, एक सोडून एक, हलके आवळा. जॅकवर वजन घ्या, घोडी काढा, गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून खाली कोणी-काही नाही हे डोळ्यांनी बघा, मग झडप पाव फेरा. टायर जमिनीला टेकल्यावरच टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरवलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, शेवटचं आवळा, तुमच्या गाडीला १२० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर एक दिवसासाठी तालुक्याच्या टायरवाल्याकडून मागून आणा. ॲल्युमिनियमच्या चाकावर पायानं पाना दाबून आवळायची सवय बोल्टचे आटे आणि चाकाचं भोक दोन्ही बिघडवते. शंभरेक किलोमीटर फिरून झाल्यावर, चाकं थंड असताना, तेच बोल्ट पुन्हा १२० वर तपासा.